गॅलरी आली, माणसं आली, मग भाडं वाढलं

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. माझे अडखळणे आणि मध्येच वाजलेली दारावरची बेल काढून टाकली आहे, बाकी बोलणं जवळपास जसंच्या तसं.

आजचा विषय एका फ्लॅटमुळे निघाला. लंडनमध्ये भाड्याने राहणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, पगार आल्यावर पहिलं काय होतं ते. माझंही तेच होतं. ऑफिसला आता आठवड्यातून एकदाच जावं लागतं, बाकी काम घरून. मग एक मित्र म्हणाला, "अरे, मार्गेटला बघ ना. समुद्र आहे, ट्रेन आहे, आर्ट गॅलरी आहे, कॉफी लंडनसारखीच मिळते." तर एका शनिवारी सेंट पँक्रासहून गाडी पकडली आणि साधारण दीड तासात केंट परगण्याच्या टोकाला पोचलो.

फ्लॅट क्लिफ्टनव्हिल भागात, तिसऱ्या मजल्यावर. जाहिरातीत 'सी व्ह्यू' होता. बाथरूमच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं की खरंच दिसायचा. एजंट सारखा एकच गोष्ट सांगत होता, की दोन वर्षांनी हा भाग ओळखू येणार नाही, आत्ताच घ्या.

खाली उतरून कोपऱ्यावरच्या कॅफेत चहा घेतला. चालवणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. त्यांनी माझ्याकडे आणि माझ्या लॅपटॉपच्या सॅककडे पाहिलं आणि विचारलं, "डीएफएल का तू?" मला वाटलं कुठल्या तरी कंपनीचं नाव आहे. त्या हसल्या. डीएफएल म्हणजे 'डाऊन फ्रॉम लंडन'. लंडनहून आलेला. आपल्याकडे कोकणात मुंबईकराला चाकरमानी म्हणतात त्याच्या जवळपासचा शब्द, फक्त चाकरमानी मुळात त्या गावचाच असतो, त्याचं तिथे घर असतं, देव असतो. डीएफएलचं तिथे काहीच नसतं. बाई बोलता बोलता सांगू लागल्या: त्यांची मुलगी याच गावात जन्मली, इथल्याच दवाखान्यात काम करते, आणि दोन वर्षं घर शोधतेय. परवडेल असं मिळत नाही. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. उलट पुढचं वाक्य असं होतं, की वीस वर्षांपूर्वी या रस्त्यावर कॅफे टाकायचं कोणी स्वप्नातसुद्धा आणलं नसतं.

परतीच्या गाडीत मी हेच घोळवत होतो. गाव वर आलं म्हणून बाईंचा कॅफे चालतो, आणि गाव वर आलं म्हणून मुलीला घर मिळत नाही. मग मी वाचायला बसलो, नंतर दोन शनिवार फोकस्टन आणि हेस्टिंग्जलाही जाऊन आलो. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरची ही तीन गावं. तिन्ही एके काळची मोठी सुट्टीची ठिकाणं, तिन्ही बुडाली, तिन्हींनी कला आणि लोकसहभाग या दोन गोष्टींच्या जोरावर डोकं वर काढलं. पण तिघांची पद्धत वेगळी आहे आणि फरक कलेत नाही, सातबाऱ्यात आहे. म्हणजे इमारत कोणाच्या नावावर आहे, त्यात.

आधी मार्गेट. समुद्रस्नान ही चैन नसून औषध आहे असं अठराव्या शतकात इंग्रजांना वाटायला लागलं, आणि मार्गेट त्या लाटेवर मोठं झालं. स्नानाची चाकांची खोली घोड्याने पाण्यात ओढत न्यायची, आणि तिला पुढे छत्रीसारखी कनात लावायची, म्हणजे बायका कोणाच्या नजरेस न पडता पाण्यात उतरतील. ही कनातीची युक्ती मार्गेटच्याच बेंजामिन बील नावाच्या माणसाची. १७९१मध्ये इथे समुद्रस्नानाने उपचार करणारं रुग्णालय निघालं. १८४६मध्ये रेल्वे आली आणि मग लंडनचा कामगार वर्ग सुट्टीला इथे लोटायला लागला. १९२०मध्ये ड्रीमलँड नावाचं मनोरंजन उद्यान सुरू झालं. त्यातली लाकडी 'सीनिक रेल्वे' अजून आहे. आपल्या जत्रेतल्या पाळण्याची श्रीमंत मावशी म्हणा. त्या गाडीवर एक माणूस स्वतः बसायचा आणि हाताने ब्रेक लावायचा.

मग साठ-सत्तरच्या दशकात स्वस्त विमानं आली आणि तोच कामगार स्पेनला जायला लागला. तिथे ऊन नक्की असतं, इथे नसतं. इथवरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला नवीन होतं ते त्याच्या पुढचं, म्हणून जरा थांबून सांगतो.

समजा तुमचं पंधरा खोल्यांचं गेस्ट हाउस आहे. पाहुणे बंद झाले. इमारत विकायला काढावी तर गिऱ्हाईक नाही. मग तुम्ही काय कराल? एकेक खोली भाड्याने द्याल. घेणार कोण? ज्याला दुसरीकडे जागा मिळत नाही तो. त्याचं भाडं बऱ्याचदा सरकारी घरभत्त्यातून येतं, म्हणजे मालकाच्या दृष्टीने ते बुडत नाही. खोल्या स्वस्त आहेत म्हटल्यावर लंडनच्या स्थानिक परिषदा आपल्याकडची बेघर कुटुंबं, निराधार मुलं इथे पाठवायला लागल्या. मालकाला रंग काढायचंही कारण उरत नाही, कारण भाडेकरू पर्याय नाही म्हणूनच आलेला असतो. अशा तऱ्हेने सुट्टीसाठी बांधलेलं गाव पन्नासेक वर्षांत लंडनच्या अडचणी ठेवायची माळ्यावरची खोली झालं. क्लिफ्टनव्हिलचा पश्चिम भाग इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित वस्त्यांच्या यादीत गेला तो असा. त्यात कोणी खलनायक नव्हता हो. प्रत्येक जण आपापल्या जागी हिशेबानेच वागत होता.

आता टर्नर. चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर लहानपणी मार्गेटला शाळेत होता आणि पुढे आयुष्यभर इथे येत राहिला. सोफिया बूथ नावाच्या बाईंच्या खानावळवजा घरात उतरायचा. इथलं आकाश त्याला फार प्रिय होतं. त्याच्या नावाने गावात काहीतरी उभं राहावं हा विचार आधी मांडला तो मार्गेट सिव्हिक सोसायटीच्या लोकांनी, म्हणजे गावातल्याच मंडळींनी. पहिला आराखडा फारच महत्त्वाकांक्षी होता, इमारत थेट समुद्रात. खर्च वाढत गेला आणि २००६मध्ये तो रद्द झाला. मग डेव्हिड चिपरफील्ड यांनी जमिनीवर, बूथबाईंच्या घराच्याच जागी, साधी पांढरट इमारत आखली. १ कोटी ७५ लाख पौंड खर्चून एप्रिल २०११मध्ये 'टर्नर कंटेम्पररी' उघडली. प्रवेश फुकट. स्वतःचा कायमचा चित्रसंग्रह नाही, बदलती प्रदर्शनं.

त्याच्या सव्वा वर्ष आधी, २००९च्या शेवटी, लंडनहून वेगवान गाड्या सुरू झाल्या होत्या. ही बाब गॅलरीच्या कौतुकात बऱ्याचदा गाळली जाते. नुसती गॅलरी बांधून, प्रवास पूर्वीइतकाच लांब ठेवला असता तर काय झालं असतं याचा अंदाज तुम्हीच करा.

पण मला गॅलरीच्या इमारतीपेक्षा तिथे २०१८मध्ये झालेल्या एका प्रदर्शनाबद्दल बोलायचंय. कवी टी. एस. एलियट १९२१च्या शरद ऋतूत मार्गेटला आला होता. मनाने पार थकलेला, विश्रांतीसाठी. समुद्राकाठी लोकांना बसायला एक छपरी आहे, नेलँड रॉकची, तिथे बसून त्याने 'द वेस्ट लँड'चा काही भाग लिहिला. ती छपरी अजून आहे, संरक्षित वास्तू म्हणून. मी तिथे बसलो तेव्हा शेजारी एक आजोबा चिप्स खात होते आणि समुद्रपक्षी त्यांच्यावर डोळा ठेवून होते.

तर या कवितेवर प्रदर्शन करायचं ठरलं. साधारणपणे काय होतं, क्युरेटर ठरवतो, गावकरी उद्घाटनाला येतात, कोपऱ्यात एक फळा असतो त्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून 'तुम्हाला काय वाटलं' ते लिहायचं. याला सहभाग म्हणतात. इथे तसं केलं नाही. गावातल्या इच्छुक लोकांचा एक अभ्यासगट केला, सगळ्या वयांचे, सगळ्या थरांतले, आणि कोणती चित्रं आणायची, कशाशेजारी काय लावायचं, भिंतीवर काय लिहायचं हे त्या गटानेच ठरवलं. कविता आधी वाचलेली असण्याची अट नव्हती. दोन वर्षांहून जास्त काळ हे लोक भेटत राहिले. शेवटी एडवर्ड हॉपर, आर. बी. किटाय अशा मोठ्या चित्रकारांची कामं त्या भिंतींवर लागली.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण वेळ लागला. सहभाग महाग असतो. आमच्या कामात आम्ही 'युजर फीडबॅक' घेतो म्हणजे काय करतो, आठ जणांना अर्धा तास स्क्रीन दाखवतो आणि मग जे आधीच ठरलेलं असतं ते करतो. दोन वर्षं वापरणाऱ्यांच्या हातात निर्णय देऊन बघा म्हणावं कोणाला.

ड्रीमलँडचं काय झालं? तीही लोकांचीच गोष्ट. २००३मध्ये बंद करण्याची घोषणा झाली तेव्हा 'सेव्ह ड्रीमलँड' मोहीम उभी राहिली. त्याआधी वर्षभर, २००२मध्ये, सीनिक रेल्वेला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला होता, त्यामुळे ती पाडून दुकानं बांधणं सोपं राहिलं नव्हतं. २००८मध्ये आग लागून तिचा काही भाग जळाला. शेवटी स्थानिक परिषदेने सक्तीने जागा ताब्यात घेतली आणि जून २०१५मध्ये उद्यान परत उघडलं. बारा वर्षं! आणि एका वर्षाच्या आत चालवणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढे ते सावरलं, पण मोहीम चालवणं आणि पाळणे चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत हे तेव्हा दिसलं. या मुद्द्यावर हेस्टिंग्जला परत येऊ.

एकूण मार्गेट वर आलं हे निर्विवाद. २०१९चा टर्नर पुरस्कार इथे झाला, चारही कलाकारांनी मिळून परीक्षकांना सांगितलं की आम्हाला तो वाटून द्या. इथेच वाढलेली ट्रेसी एमिन परत येऊन राहिली आणि तिने जुन्या इमारतीत कलाकारांसाठी स्टुडिओ आणि कलाशाळा काढली. जुन्या गावात एकही गाळा रिकामा दिसत नाही.

आणि आता तो भाड्याचा प्रश्न. गॅलरीचं मूल्य कुठे जातं? तिकीट नाही, म्हणजे गॅलरीकडे येत नाही. पाहुणा येतो, कॅफेत पैसे देतो, तिथे थोडं जातं. त्या गल्लीत यावंसं वाटणं, राहावंसं वाटणं, याची किंमत मात्र जागेत मुरते. आणि जागा मालकाची. कलाकाराने पडीक गाळा घेतला, रंग दिला, तीन-चार वर्षं गिऱ्हाईक जमवलं, करार संपला की मालक म्हणतो, आता हा भाग चांगला झालाय, भाडं वाढेल. चांगला कोणी केला? ओपन सोर्सवाल्यांना हे लगेच कळेल. रात्री जागून लायब्ररी कोणीतरी लिहितो, आणि पैसे करतो तो, ज्याच्याकडे सर्व्हर आहेत. मार्गेटमध्ये सर्व्हर म्हणजे घरं, आणि ती बहुतेक खाजगी मालकांच्या हातात सुटी सुटी होती. गॅलरी सार्वजनिक पैशाची, फायदा विखुरलेल्या खाजगी मालकांना. त्यात एअरबीएनबीची भर.

फोकस्टनने इथे वेगळं केलं. म्हणजे एका माणसाने केलं.

फोकस्टन हे बंदराचं गाव. समोर फ्रान्स. बुलोनला फेरीबोटी जायच्या. १९९४मध्ये समुद्राखालचा बोगदा उघडला आणि २०००पर्यंत ती वाहतूक थांबली. याच गावात सिडनी डी हान नावाच्या हॉटेलवाल्याने पूर्वी एक साधी युक्ती काढली होती: मोसम संपल्यावर खोल्या रिकाम्या पडतात आणि निवृत्त माणसांना तर कधीही सवड असते, मग त्यांना तेव्हा स्वस्तात बोलवा. त्यातून 'सागा' ही प्रचंड कंपनी झाली. त्यांचा मुलगा रॉजर डी हान. २००४मध्ये सागा विकली गेली, पैसा हातात आला, आणि त्यांनी तो गावात ओतला. त्याच्या थोडं आधी, २००२मध्ये, त्यांनी एक धर्मादाय संस्था काढली होती, जिला आता 'क्रिएटिव्ह फोकस्टन' म्हणतात.

या संस्थेने आधी महोत्सव नाही केला. आधी इमारती घेतल्या. जुन्या हाय स्ट्रीटचा उतार आणि टोंटाइन स्ट्रीट, जिथे निम्मी दुकानं फळ्या ठोकून बंद होती, तिथल्या इमारती एकेक करून विकत घेतल्या, दुरुस्त केल्या आणि संस्थेकडे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिल्या, १२५ वर्षांच्या. आज अशा नव्वदच्या आसपास इमारती आहेत. वर घरं, मध्ये स्टुडिओ, खाली दुकानं. भाडेकरू निवडायचा तर तो किती देतो एवढंच बघत नाहीत, काय करतो तेही बघतात. आणि भाड्याचा पैसा परत त्याच इमारतींच्या देखभालीत जातो. मार्गेटमध्ये जे मालकांच्या खिशात गेलं ते इथे, निदान त्या दोन रस्त्यांपुरतं, संस्थेत राहतं.

मग २००८पासून साधारण दर तीन वर्षांनी 'ट्रायेनियल', म्हणजे अख्ख्या गावात उघड्यावर कलाकृती. त्यातल्या बऱ्याच तिथेच कायम राहतात. मार्क वॉलिंजरने पहिल्याच वर्षी समुद्रावरचे १९,२४० गोटे घेऊन त्यांच्यावर क्रमांक घातले. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत १ जुलै १९१६ या एका दिवशी मेलेल्या ब्रिटिश सैनिकांची ती संख्या. फ्रान्सच्या आघाडीवर जाणारे लाखो सैनिक याच बंदरातून बोटीत चढले होते. गावाचाच इतिहास, गावाच्याच दगडांनी. मी उभा राहून आकडे वाचायला लागलो आणि तीनशेच्या आसपास सोडून दिलं.

२०११मध्ये कॉर्नेलिया पार्करने जलपरी केली, पण कोपनहेगनच्या जलपरीसारखी परीकथेतली नाही. गावातल्या बायकांना आवाहन केलं, आणि आलेल्यांतून एका स्थानिक महिलेच्या शरीराचा साचा घेऊन कांस्याचा पुतळा केला. ती खडकावर बसली आहे, अगदी कोणाच्याही वहिनीसारखी.

आणि २०१४ची तर मजाच. मायकेल झाइल्सटॉर्फर या जर्मन कलाकाराने बंदराबाहेरच्या वाळूत सोन्याच्या ३० लगडी पुरल्या, एकूण किंमत १० हजार पौंड. सापडेल त्याची. बातमी फुटली आणि ओहोटीला माणसं फावडी, बादल्या, मेटल डिटेक्टर घेऊन धावली. सापडलं तर सांगायची सक्ती नव्हती, त्यामुळे सगळं सोनं निघालं की अजून खाली आहे हे कळायला मार्गच नाही. ज्यांनी आयुष्यात प्रदर्शन पाहिलं नसेल असे लोक चिखलात गुडघाभर उभे राहून एका कलाकृतीचा भाग झाले. समीक्षकांनी यावर नाकं मुरडली असतील तर मुरडोत. मला तर हाच सहभाग वाटतो.

पण (हा 'पण' येणार हे तुम्हाला कळलंच असेल) सगळं एका माणसाच्या इच्छेवर. प्रोग्रामर मंडळींना 'बीडीएफएल' माहीत असेल, 'बेनेव्होलंट डिक्टेटर फॉर लाइफ', म्हणजे तहहयात प्रेमळ हुकूमशहा. पायथन भाषेचा कर्ता ग्विडो व्हान रॉसम याला ही पदवी होती. २०१८मध्ये तो थकून बाजूला झाला आणि मग लोकांना बसून ठरवावं लागलं की आता निर्णय कोण घेणार. फोकस्टनमध्ये डीएफएलही आहेत आणि बीडीएफएलही. डी हान यांनीच बंदरही विकत घेतलं. तिथला जुना धक्का, ज्यावरून सैनिक गेले, तो दुरुस्त करून लोकांना खुला केला. फार छान झालाय, तिथे बसून मासे खाल्ले मी. आणि त्याच बंदराच्या बाजूला किनाऱ्यालगत महागडे फ्लॅटही उभे राहिले. त्यावरून गावात चांगलाच वाद आहे. विरोध करणाऱ्यांची अडचण अशी की ज्याच्या योजनेला विरोध करायचा त्यानेच शाळेला मदत केली, मैदानं केली, पोरांसाठी मजल्यावर मजले असलेला स्केटपार्क बांधला. गावातल्या माणसाला या सगळ्यात मत आहे, मतदान नाही.

मतदान हवं असेल तर हेस्टिंग्जला या. ही गोष्ट सांगताना मला अजून थोडं वाईट वाटतं.

हेस्टिंग्जचा पिअर, म्हणजे समुद्रात आत गेलेला लोखंडी खांबांवरचा लांब धक्का, १८७२मध्ये बांधला. त्यावरच्या नाट्यगृहात पुढे रोलिंग स्टोन्स, जिमी हेंड्रिक्स, पिंक फ्लॉइड वाजवून गेले. मग मालक बदलत गेले, शेवटची मालकी परदेशात नोंदलेल्या एका कंपनीकडे होती जिला गावाशी काही घेणं नव्हतं. २००८मध्ये धोकादायक म्हणून पिअर बंद झाला आणि ऑक्टोबर २०१०मध्ये आगीत वरचं जवळपास सगळं गेलं.

गावाने हार मानली नाही. परिषदेला भाग पाडून सक्तीने ताबा घ्यायला लावला, आणि पिअर एका लोकसंस्थेकडे आला. शेअर काढले, किमान १०० पौंडांपासून. ३ हजारांहून जास्त लोकांनी घेतले. कितीही पैसे घातले तरी मत एकच, आपल्या सहकारी संस्थांसारखं. हे ऐकल्यावर मी मनात म्हटलं, चला, वारणानगर आलं. मोठी रक्कम हेरिटेज लॉटरी फंडातून मिळाली, कोटीभर पौंडांच्या वर. एप्रिल २०१६मध्ये पिअर उघडला. वास्तुकारांनी वर दाटी न करता मोठा मोकळा फळ्यांचा माळ ठेवला, जळलेल्या लाकडातून वाचलेलं लाकूड परत वापरलं. ऑक्टोबर २०१७मध्ये ब्रिटनमधला सर्वांत मानाचा वास्तुकला पुरस्कार, स्टर्लिंग पुरस्कार, त्याला मिळाला.

आणि पुढच्याच महिन्यात संस्था दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

काय चुकलं यावर हेस्टिंग्जमध्ये चार माणसं चार गोष्टी सांगतील. मला जे कळलं ते असं. अनुदान बांधायला मिळतं, चालवायला मिळत नाही. समुद्र लोखंड खायचं थांबत नाही, दर वर्षी खांबांची डागडुजी आहेच. आणि तो सुंदर मोकळा माळ, ज्याला चेष्टेने 'फळी' म्हणायचे, तो उन्हाळ्यातल्या कार्यक्रमांना उत्तम, पण जानेवारीत वारा सुटल्यावर तिथे कोण येऊन काय विकत घेणार? आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट वाजतगाजत लाँच केलं, बक्षीसही मिळालं, पण पुढच्या महिन्याचं सर्व्हरचं बिल कोण भरणार हे बजेटमध्ये नव्हतं. मी असं एक लाँच आतून पाहिलंय. सगळे केक कापत असतात आणि एकच जण कोपऱ्यात लॉग बघत घामाघूम झालेला असतो.

गावकऱ्यांनी परत पैसे जमवून बोली लावायचा प्रयत्न केला. पण २०१८च्या उन्हाळ्यात पिअर ईस्टबर्नच्या पिअरचे मालक असलेल्या एका हॉटेल व्यावसायिकाला विकला गेला. किंमत ६० हजार पौंडांच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या. लंडनमध्ये एवढ्यात गॅरेज आलं तर नशीब. शेअर घेतलेल्यांचे पैसे गेले. ३ हजार मालक होते, आणि विकायची वेळ आली तेव्हा निर्णय त्यांच्याकडे नव्हता, दिवाळखोरी हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांकडे होता.

इथे गोष्ट संपली असती तर मी हा भाग केलाच नसता. पिअर वाचवायच्या लढ्यातल्या काही मंडळींनी समांतर दुसरं काम सुरू केलं होतं, फार कमी गाजावाजा करून. पिअरच्या जवळच, गावाच्या मध्यात, २०१४मध्ये त्यांनी 'रॉक हाउस' नावाची एक उंच, कंटाळवाणी ऑफिसची इमारत घेतली. तिला कोणी पुरस्कार देणार नाही. आत घरं आणि कामाच्या जागा केल्या आणि भाड्यावर मर्यादा घातली. मग २०१९मध्ये शेजारची 'ऑब्झर्व्हर बिल्डिंग' घेतली. हे तिथल्या वर्तमानपत्राचं जुनं कार्यालय. ऐंशीच्या दशकात वर्तमानपत्र बाहेर पडल्यापासून ती इमारत पडून होती. मालक येत, आराखडे करत, किंमत वाढवून पुढच्याला विकत, छप्पर मात्र कोणी शिवत नसे. या सगळ्याला आता 'हेस्टिंग्ज कॉमन्स' म्हणतात, आणि त्यात एक लोकभूमी न्यास आहे, म्हणजे जागा कायमची लोकांच्या संस्थेकडे, बाजारात परत न जाणारी.

यांचं गणित पिअरच्या उलट आहे. पिअर देखणा होता आणि भाडं देत नव्हता. या इमारती देखण्या नाहीत, पण बाराही महिने भाडं येतं, थोडं थोडं. भाडेकरू आहे म्हणून कर्ज मिळतं, कर्ज मिळालं म्हणून पुढची इमारत. कर्जाचा बोजा आहेच, अनुदानंही लागतात, आणि दुरुस्तीचा खर्च अंदाजापेक्षा कधीच कमी निघत नाही. पण बाजूच्या गल्लीचं भाडं चढलं तरी आतल्या माणसाचं त्या वेगाने चढत नाही, हे इथे कागदावर बांधलेलं आहे, कोणाच्या चांगुलपणावर नाही. मी गेलो त्या दिवशी जिन्यात दोन पोरं स्पीकर वर नेत होती, आणि खालच्या मजल्यावर कसलीशी मीटिंग चालली होती, त्यात गळक्या पाइपवरून जोरदार भांडण. मला एकदम आमच्या पुण्याच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवली.

मार्गेटला परत जाऊ. त्या कॅफेच्या बाईंना मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हे सगळं उत्साहाने सांगितलं, फोकस्टनच्या इमारती, हेस्टिंग्जचा न्यास वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, २००५मध्ये या रस्त्यावरची घरं कोणी फुकट दिली तरी घेत नव्हतं. तेव्हा कोणी आलं असतं तर. आता कुठून आणणार एवढे पैसे?

याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिन्ही गावांत इमारती ताब्यात घ्यायची संधी एका ठराविक काळातच होती, गाव पडलेलं असताना, आणि तेव्हा संस्थांकडे पैसा नसतो, बँक दारात उभं करत नाही. फोकस्टनला डी हान मिळाले. हेस्टिंग्जच्या लोकांनी थोडक्यात साधलं. मार्गेटमध्ये सगळं लक्ष आणि पैसा गॅलरीवर होता, जी खरोखर चांगली आहे, आणि बाजूची घरं एकेक करून बाजारातून गेली.

आता तुम्ही विचाराल, फ्लॅटचं काय केलं. एजंटचे तीन फोन येऊन गेले. त्यातल्या शेवटच्या फोनवर त्याने सांगितलं की दुसरं गिऱ्हाईक लागलंय आणि ते मागणीपेक्षा महिना ५० पौंड जास्त द्यायला तयार आहे, मीही तेवढे दिले तर माझं नक्की. मी ते देऊ शकतो. बाईंची मुलगी देऊ शकत नाही, आणि मी नाही म्हटलं म्हणून तो फ्लॅट तिला मिळणारही नाही, तो त्या दुसऱ्या डीएफएलला जाईल. सोमवारपर्यंत कळवतो म्हणालोय. हे रेकॉर्डिंग रविवारी रात्री करतोय.

पुढच्या भागात श्रोत्यांचे प्रश्न घेणार आहे. या तिन्हीपैकी कुठल्या गावात तुम्ही राहत असाल, किंवा राहिला असाल, तर जरूर लिहा, विशेषतः माझं काही चुकलं असेल तर. येतो.